नागपूरच्या सपाट रस्त्यावरून आल्प्सच्या चढावर

फ्रान्समधील आल्प्स पर्वतात दरवर्षी उन्हाळ्यात होणाऱ्या ‘ला मार्मोत’ या सायकल उपक्रमाची माहिती आम्ही मागील अंकातील सदरात दिली होती. १९८२ पासून चालत आलेला हा उपक्रम हौशी सायकलस्वारांसाठी असून तो एकाच दिवसात पूर्ण करावा लागतो. नेहमीचा मार्ग सुमारे १७४ किलोमीटरचा असून त्यात एकूण सुमारे ५,००० मीटरची चढाई आहे. बूर द्वाझां या गावातून निघून १,९२४ मीटर उंचीची ग्लांदों खिंड, मग मोरिएन खोऱ्यात उतरून १,५६६ मीटरची तेलेग्राफ, तिच्या पाठोपाठ २,६४२ मीटरची गालिबिए आणि सर्वांत शेवटी, पाय थकलेले असताना, आल्प द्युएजचा २१ वळणांचा चढ असा हा दिवस असतो. रस्त्याच्या कामांमुळे किंवा दरड कोसळल्यामुळे एखाद्या वर्षी मार्ग बदलतो, म्हणून त्या वर्षीचे आयोजकांचे पत्रक पाहूनच पुढील आकडे गृहीत धरावेत. या माहितीवर नागपुरातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पहिल्या पत्रातील प्रश्न इतर अनेकांनीही विचारला असल्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : माझे वय ४७ आहे आणि मी बँकेत नोकरी करतो. गेली काही वर्षे नियमित सायकल चालवतो आहे. २०० आणि ३०० किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या रपेटी, मी वेळेत पूर्ण केल्या आहेत. मुलगी शिक्षणासाठी फ्रान्समधील ग्रनोब्लला असून ‘बाबा, पुढच्या वर्षी मार्मोतला या,’ असा तिचा आग्रह आहे. मात्र आमच्या सायकल ग्रुपमधील जाणकार म्हणतात की, ज्याच्या गावात सेमिनरी हिल्सपलीकडे चढ नाही, त्याने आल्प्सचे नाव काढू नये. पत्नीला माझ्या प्रकृतीची काळजी वाटते. सपाट प्रदेशात राहून ही तयारी खरोखर होऊ शकते का? होत असेल तर कशी करावी आणि सायकलला कोणते गिअर असावेत?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : होऊ शकते. नागपूरचेच डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रॉकी पर्वतरांग ओलांडून जाणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली आणि पुढच्याच वर्षी रशियातील सुमारे ९,१०० किलोमीटरची ट्रान्स-सायबेरियन शर्यतही पूर्ण केली. त्यांची जिद्द आणि शिस्त प्रत्येकाला साधेल असे नाही. पण त्यांच्या गावालाही घाट नव्हता, एवढे आपल्या मित्रांना नक्की सांगता येईल. गावात चढ नसणे ही अडचण खरी असली तरी माझ्या मते ती दुय्यम आहे. सपाटीवरून आलेला सायकलस्वार अशा उपक्रमात मागे पडतो तो मुख्यतः पहिल्या चढावर घाई केल्यामुळे. तयारीचा सगळा विचार याच एका गोष्टीभोवती करावा, असा माझा आग्रह आहे.

आधी चढाचा हिशेब पाहू. आपले वजन ७० किलो आणि सायकल, पाणी, कपडे मिळून आणखी १० किलो धरले, तर ८ टक्के चढावर (म्हणजे दर १०० मीटरमागे ८ मीटर उंची) ताशी ८ किलोमीटर वेगाने जाण्यासाठी साधारण १५० वॅट शक्ती लागते. ताशी १० किलोमीटरसाठी ती १९० वॅटच्या आसपास जाते. सपाट रस्त्यावर पेडल मारणे थांबवले तरी सायकल काही अंतर पुढे जाते, कोणाच्या मागे राहून वारा चुकवता येतो, पूल उतरताना पायांना उसंत मिळते. चढावर यांपैकी काहीही मिळत नाही. आल्प द्युएजचा चढ १३.८ किलोमीटरचा आणि सरासरी ८.१ टक्क्यांचा आहे. ताशी ८ किलोमीटर वेगाने तो चढायला पावणेदोन तास लागतात आणि त्या पावणेदोन तासांत पेडलचा एकही फेरा फुकट मिळत नाही. ताशी ६०० मीटर उंची गाठण्याचा वेग दिवसभर टिकवला, तरी ५,००० मीटरसाठी आठ तासांहून अधिक वेळ निव्वळ चढण्यात जातो. उतार, खोऱ्यातील रस्ता आणि थांबे यांचा वेळ त्यात मिळवला, म्हणजे दिवस केवढा मोठा आहे हे लक्षात येईल. शिवाय वाटेत ठिकठिकाणी वेळेची मर्यादा असते, तेव्हा निवांतपणे चढू असे म्हणूनही भागत नाही.

आता घाई कोठे होते ते सांगतो. सुरुवातीचा सपाट रस्ता संपताच ग्लांदोंचा चढ लागतो. पहाटेचा गारवा असतो, पाय ताजे असतात, पुढेमागे शेकडो सायकली असतात आणि प्रत्येक जण आपल्याला मागे टाकून जात आहे असे वाटते. हा चढ एकसारखाही नाही. मध्येच रस्ता खाली उतरतो आणि लगेच तीव्र चढ समोर येतो. तेथे उतारावरचा वेग टिकवण्याच्या नादात माणूस दम लागेपर्यंत जोर लावतो. त्याची किंमत ग्लांदोंवर कळत नाही, तेलेग्राफवरही फारशी कळत नाही. ती गालिबिएच्या शेवटच्या टप्प्यात कळते. सँ मिशेल गावापासून तेलेग्राफ आणि व्हालवार गावापासून गालिबिए मिळून सुमारे २,१०० मीटरची चढाई होते आणि मध्ये फक्त थोडा उतार आहे. प्लां लाशा येथे रस्ता नाल्यावरून उजवीकडे वळतो. तेथून माथा ८ किलोमीटर राहतो आणि त्या ८ किलोमीटरची सरासरी साडेआठ टक्क्यांच्या आसपास आहे. झाडे केव्हाच संपलेली असतात आणि वर पाहिले की डोंगराच्या अंगावर मुंगीएवढे सायकलस्वार आणखी दोन-तीन वळणे वर दिसतात. ग्लांदोंवर जपून वापरलेली ताकद येथे उपयोगी पडते. म्हणून पहिल्या चढावर कसोटी एकच ठेवावी: शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य मध्येच तुटू लागले की वेग कमी करावा, मग भोवतालचे सगळे पुढे निघून गेले तरी चालेल. ज्यांच्या सायकलवर पॉवर मीटर (पेडलवर लागणारी शक्ती मोजणारे उपकरण) आहे त्यांनी तासभर टिकणाऱ्या आपल्या कमाल शक्तीच्या ७० ते ७५ टक्क्यांवर ग्लांदों चढावी.

हा संयम घरबसल्या वाचून येत नाही, त्यासाठी न थांबता एकसारखा जोर लावण्याची सवय लागते आणि ती सवय नागपुरात उत्तम लागते. सपाट रस्त्यावर समोरून येणारा वारा चढाचे बरेचसे काम करतो. आउटर रिंग रोडवर किंवा अमरावती रोडवर, ज्या दिशेने वारा समोरून येईल त्या दिशेने, वीस मिनिटे एकाच दमात, पेडल न थांबवता, मिनिटाला ६० ते ७० फेरे राहतील असा थोडा जड गिअर घेऊन जावे. दहा मिनिटे हळू चालवून पुन्हा तेच करावे. असे आठवड्यातून दोनदा करावे आणि दोन-तीन महिन्यांत वीस मिनिटांची तीस, तीसची चाळीस मिनिटे करावीत. सिग्नल, गतिरोधक आणि गुरे मध्ये येतात म्हणून रस्ता पहाटेचाच निवडावा. सेमिनरी हिल्सचे छोटे चढ यासाठी पुरेसे नाहीत, कारण ते संपतात तेव्हा शरीर नुकते तापू लागलेले असते. उभे राहून पेडल मारण्याचा आणि गिअर वेळेवर बदलण्याचा सराव मात्र तेथे चांगला होतो.

खरा घाट हवा असेल तर चिखलदरा गाठावे. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणारा रस्ता सुमारे ३० किलोमीटरचा असून त्यात साधारण साडेसातशे मीटरची चढाई आहे. गालिबिएच्या मानाने तो सौम्य आहे; पण एकाच दिवशी तो दोनदा चढला तर दीड हजार मीटर होतात आणि दुसऱ्या फेरीत आपण पहिल्या फेरीत किती घाई केली होती याचा चोख हिशेब मिळतो. दोन्ही फेऱ्यांचा वेळ घड्याळावर टिपावा. दुसऱ्या फेरीला पहिलीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वेळ लागला, तर पहिली फेरी वेगाने झाली असे समजावे. हा मेळघाटाचा परिसर आहे, म्हणून दिवस पूर्ण उजाडल्यावरच निघावे, एकट्याने जाऊ नये आणि रस्ता सोडून आत शिरू नये. ज्यांना उत्तरेकडे जाणे सोयीचे आहे त्यांना छिंदवाडा रस्त्यावरील सिल्लेवानी घाट आणि त्यापुढे तामियाचा परिसर उपयोगी पडेल.

आपल्या तयारीत सर्वांत अवघड भाग वेळापत्रकाचा आहे आणि त्याकडे बाहेरगावचे मार्गदर्शक लक्ष देत नाहीत. उपक्रम जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीस असतो, म्हणजे युरोपातील पुस्तकी वेळापत्रकाप्रमाणे सर्वांत कठीण सराव एप्रिल-मेमध्ये येतो आणि त्याच वेळी नागपूरचा पारा ४५ अंशांच्या घरात असतो. म्हणून आपले वेळापत्रक पुढे ओढावे. ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ लांब आणि सावकाश रपेटीचा ठेवावा; जानेवारी ते मार्च या काळात चिखलदऱ्याच्या वाऱ्या आणि वर सांगितलेला जड गिअरचा सराव पूर्ण करावा; एप्रिल-मेमध्ये पहाटे साडेचारला निघून आठच्या आत घरी यावे आणि उरलेला सराव घरातील ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवण्याच्या स्टँडवर) करावा. ट्रेनरच्या खोलीत कूलर लावण्याची चूक बहुतेक जण करतात. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर हवा दमट करतो, दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर अधिकच तापते; त्यापेक्षा खिडक्या उघड्या ठेवून मोठा पंखा थेट अंगावर घ्यावा. उन्हाचा थोडा लाभही आहे. दहा ते चौदा दिवस बेताच्या उष्णतेत व्यायाम केल्यास रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते आणि घाम लवकर सुटू लागतो. आल्प्सच्या खोऱ्यात दुपारी ऊन तापते तेव्हा याचा फायदा होतो. मात्र त्यासाठी दुपारी बारा वाजता वर्धा रोडवर जाणे हा वेडेपणा आहे. उष्माघाताने दरवर्षी विदर्भात माणसे दगावतात, हे विसरू नये.

गिअरबद्दल माझे मत ठाम आहे: जितका हलका मिळेल तितका घ्यावा आणि त्यात कमीपणा मानू नये. पुढे ३४ दातांची चेनरिंग (पेडलजवळचे चक्र) आणि मागे २८ दातांचे सर्वांत मोठे चक्र असेल, तर ताशी ८ किलोमीटर वेगाने चढताना पेडलचे मिनिटाला सुमारे ५२ फेरे होतात. इतक्या कमी फेऱ्यांत प्रत्येक फेरा गुडघ्यावर पडतो आणि आठ तासांत गुडघा तक्रार करणारच. मागे ३४ दात असतील तर त्याच वेगाला सुमारे ६३ फेरे होतात. हा फरक कागदावर लहान दिसतो, पण शेवटच्या चढावर तोच सायकल चालवत वर जाणे आणि ढकलत वर नेणे यांतला फरक ठरतो. कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) बदलताना मागचा डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) तेवढे दात पेलू शकतो का, हे सायकल दुरुस्त करणाऱ्याकडून आधी तपासून घ्यावे, आणि बदल निदान तीन महिने आधी करावा.

गालिबिएच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश असतो, त्यामुळे तेथे आपल्याला नेहमीची ताकद लावता येणार नाही. जोर कमी पडत आहे म्हणून घाबरू नये. मुलगी तेथेच असल्याने आठ-दहा दिवस आधी पोहोचता आले तर उत्तम. बूर द्वाझां ग्रनोब्लपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे, तेव्हा एखाद्या दिवशी आल्प द्युएजचा चढ सावकाश चढून पाहता येईल. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. आपण तो शेवटच्या महिन्यावर ढकलू नये.

पत्नीच्या काळजीला मी सर्वाधिक महत्त्व देईन. सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्रास काहीही नसला तरी, कठीण सराव सुरू करण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांना भेटून ईसीजी आणि त्यांनी सांगितल्यास टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून केलेली हृदयाची चाचणी) करून घ्यावी. शक्य असेल तर भेटीला दोघांनीच जावे, म्हणजे त्यांच्या शंकांना डॉक्टरांकडूनच उत्तर मिळेल. छातीत दाटणे, चढावर डोके हलके होणे, धडधड अनियमित होणे यांपैकी काहीही जाणवले तर त्या दिवसाचा सराव तेथेच थांबवावा.

प्रश्न : मी २३ वर्षांचा असून हिंगण्याला राहतो. सपाट रस्त्यावर ताशी ३५ किलोमीटरचा वेग मी बराच वेळ ठेवू शकतो. मार्मोतसाठी कार्बनची दोन किलो हलकी सायकल घेण्याकरिता कर्ज काढावे का?
— एक वाचक, हिंगणा

उत्तर : काढू नये. सायकलस्वारासह एकूण ८० किलो वजनातून दोन किलो कमी झाले तर ते अडीच टक्के होतात. चढावरचा वेळही जवळपास तेवढाच कमी होतो. आठ तासांच्या चढाईत हा फायदा सुमारे बारा मिनिटांचा आहे. ग्लांदोंवर घाई केल्यामुळे शेवटच्या चढावर याच्या कितीतरी पट वेळ जातो. तुमचा सपाटीवरचा वेग पाहता तुम्हालाच घाईचा धोका अधिक आहे, म्हणून पहिल्या उत्तरातील चिखलदऱ्याची दोन फेऱ्यांची चाचणी तुम्ही अवश्य करावी. पैसे खर्चच करायचे असतील तर योग्य कॅसेट, चांगले टायर आणि सायकल आपल्या अंगाच्या मापाला बसवून घेणे यांवर करावेत.

प्रश्न : मी ३९ वर्षांची असून शाळेत शिक्षिका आहे. ३०० किलोमीटरच्या बीआरएममध्ये पाच-सहा तासांनंतर मला अन्न नकोसे होते आणि एकदा उलटीही झाली. थांब्यावर मी पोटभर तर्री-पोहे खाल्ले होते आणि दिवसभर भरपूर पाणीही पीत होते, तरी शेवटी अंगात त्राण उरले नाही. डोंगराळ मार्गावर असे झाले तर काय करायचे?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : आपण आपल्या पत्रात कारणे जवळजवळ सगळी लिहिली आहेत, फक्त त्यांचा परस्परसंबंध सांगायचा राहिला आहे. व्यायामात रक्त स्नायूंकडे आणि उन्हात त्वचेकडेही वळते, त्यामुळे पोटाकडे ते कमी पोहोचते. अशा वेळी तेल आणि तिखट असलेले अन्न पोटात रेंगाळते. तर्री-पोह्यांवर आपल्यासारखेच माझेही प्रेम आहे, पण ते रपेट संपल्यावर खावेत. दुसरे, पोटभर खाणे हीच चूक आहे. दर वीस मिनिटांनी दोन घास खाल्ले तर पोटाला ते पेलतात. तीन तासांनी एकदम खाल्लेले पेलत नाहीत. तिसरे, नुसते पाणी भरपूर प्यायल्याने घामातून गेलेले मीठ भरून निघत नाही. रक्तातील सोडियम फार खाली गेले तर मळमळ, डोकेदुखी आणि सुस्ती येते, आणि माणूस पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी पितो. हा प्रकार टोकाला गेला तर जिवावर बेतू शकतो.

लांब पल्ल्याच्या चढाईत ताशी ६० ग्रॅम कर्बोदके हे ध्येय बहुतेकांना पुरते. मध्यम आकाराच्या केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. अर्धा लिटर पाण्यात ३० ग्रॅम साखर, अर्ध्या लिंबाचा रस आणि पाऊण ग्रॅम मीठ घातले तर तयार होणारे लिंबूसरबत कोणत्याही महागड्या पावडरीच्या तोडीचे आहे. साखरेतून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही मिळतात आणि आतड्यात ती दोन वेगळ्या मार्गांनी शोषली जात असल्यामुळे पोटावर ताण कमी येतो. तासाला अशी एक बाटली आणि एक केळे किंवा दोन-तीन खजूर एवढ्यात हिशेब जवळपास पूर्ण होतो. मीठ लावलेला उकडलेला बटाटा, गूळपोळीचे छोटे तुकडे, राजगिऱ्याचा लाडू हेही चालते, आणि अनेक तास गोड खाऊन जीभ कंटाळते तेव्हा बटाट्याइतका आधार दुसरा कशाचा नसतो. ओआरएसबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. त्याच्या एका लिटरमध्ये फक्त साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असते. ते पाणी आणि क्षार भरून काढते, परंतु ऊर्जेसाठी त्यावर विसंबता येत नाही.

पोटालाही पायांसारखाच सराव लागतो. दर रविवारच्या रपेटीत ताशी ४० ग्रॅमपासून सुरुवात करून काही आठवड्यांत ६० ग्रॅमपर्यंत जावे आणि जे उपक्रमात खायचे तेच सरावात खावे. चढावर खाणे अवघड जाते, म्हणून चढ सुरू होण्याच्या दहा मिनिटे आधी आणि माथ्यावर पोहोचल्यावर खाण्याचे ठरवून टाकावे. मार्मोतच्या दृष्टीने मोरिएन खोऱ्यातील सपाट रस्ता सर्वांत मोलाचा आहे. तेथे बहुतेक जण वेग वाढवतात. आपण तेथे एखाद्या गटाच्या मागे राहून शांतपणे खाऊन घ्यावे, कारण त्यानंतर तेलेग्राफ आणि गालिबिए मिळून काही तास पोटाला स्वस्थता मिळणार नाही.

प्रश्न : चढायची मला भीती नाही, उतरायची आहे. चिखलदऱ्याहून परतवाड्याला उतरताना माझी बोटे ब्रेक दाबून इतकी आखडली की मध्ये थांबावे लागले. आल्प्समधले उतार तर याहून कितीतरी लांब असतील.
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : आपली भीती योग्य आहे. गालिबिएच्या माथ्यावरून लोतारे खिंडीमार्गे बूर द्वाझांपर्यंत रस्ता सुमारे १,९०० मीटर खाली येतो आणि मध्ये काही बोगदे आहेत, म्हणून पुढे-मागे दिवा हवाच. ग्लांदोंचा उतार अरुंद आणि वळणांचा असल्यामुळे तेथील वेळ आयोजक बहुधा मोजणीत धरत नाहीत. तो नियम त्या वर्षीही आहे याची खात्री करून घ्यावी आणि तेथे निर्धास्तपणे सावकाश उतरावे.

बोटे आखडतात ती ब्रेक सतत अर्धवट दाबून ठेवल्यामुळे. सायकल खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते तिचा काही भाग वारा घेतो आणि उरलेला ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातो. वेग फार कमी ठेवला तर वारा काहीच घेत नाही आणि जवळपास सगळा भार ब्रेकवर पडतो; रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर दाबणारे) असतील तर रिम तापून ट्यूब फुटण्याचा धोका असतो, कार्बन रिमला तर अधिकच. म्हणून सरळ भागात सायकल थोडी धावू द्यावी, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग हवा तेवढा उतरवावा आणि वळणात शिरताना ब्रेक सोडावेत. नजर चाकापुढच्या खड्ड्यावर न ठेवता वळण जेथे संपते तेथे ठेवावी. हात हँडलच्या खालच्या वाकड्या भागावर असतील तर एका-दोन बोटांनीही पुरेसा जोर मिळतो. बोटे लहान असल्यास ब्रेक लिव्हर हँडलच्या जवळ आणता येतात. यासाठी एक लहान स्क्रू फिरवावा लागतो, आणि पुष्कळ जणांना तो स्क्रू असतो हेच कोणी सांगितलेले नसते.

आणखी दोन गोष्टी फ्रान्ससाठी विशेष. तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात, आणि थकलेला माणूस रिकाम्या रस्त्यावर वळण घेताना नकळत डावीकडे सरकतो. पहिले दोन दिवस स्वतःला मोठ्याने ‘उजवीकडे’ असे बजावत चालवावे. दुसरे, तेथे भाड्याने मिळणाऱ्या सायकलींचा पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो, आपल्याकडे तो बहुतेक सायकलींवर उजव्या हाताला असतो. सायकल ताब्यात घेताच उभ्या उभ्या लिव्हर दाबून पाहावा आणि आपल्या सवयीप्रमाणे बदलून मागावा. माथ्यावर घामाने भिजलेल्या अंगाने उतरू नये. खिशात घडी होणारे वाऱ्याचे जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे असावेत, कारण गारठलेली बोटे ब्रेक दाबत नाहीत.

प्रश्न : मी ५८ वर्षांचा आहे. रक्तदाबासाठी रोज गोळी घेतो. नाडीच्या ठोक्यांवरून सराव करायचा प्रयत्न करतो, पण घड्याळ सांगते त्या पातळीपर्यंत माझे ठोके कधी पोहोचतच नाहीत. मी तयारीला लागू का?
— एक वाचक, रामदासपेठ, नागपूर

उत्तर : आपली गोळी बीटा ब्लॉकर गटातील असेल, तर ठोके न वाढणे हा त्या औषधाचा अपेक्षित परिणाम आहे, अशा वेळी घड्याळातील तक्त्याचा उपयोग नसतो आणि पहिल्या उत्तरातील बोलण्याची कसोटीच वापरावी. गोळी लघवी वाढवणारी असेल, तर उन्हात आणि लांब रपेटीत पाणी व क्षार अधिक झपाट्याने कमी होतात आणि डॉक्टर कदाचित औषध किंवा त्याची वेळ बदलतील. सरावासाठी गोळी स्वतःहून बंद करणे किंवा कमी करणे मात्र धोक्याचे आहे, विशेषतः बीटा ब्लॉकर एकाएकी थांबवल्यास हृदयावर गंभीर परिणाम होऊ शकतो. आपल्या डॉक्टरांना ‘सायकल चालवू का’ असे मोघम विचारू नये. दहा-बारा तास, ५,००० मीटर चढाई, २,६०० मीटर उंची आणि दुपारचे ऊन हे चारही आकडे सांगून विचारावे, म्हणजे त्यांना तपासण्या ठरवता येतील. त्या तपासण्यांचा अहवाल हाती येऊन त्यांचा होकार मिळेपर्यंत नोंदणीचे पैसे भरू नयेत.